टॉवेलाखालची बोटं

वरची खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी बोलता बोलता माझ्या पाठीवर हात ठेवला. परक्या गावात, पहिल्याच भेटीत इतकी माया बघून मला भरून आलं. हात जरा खाली सरकला, कमरेच्या वर थांबला, अंगठ्यानं एकदा दाबून बघितलं आणि मग त्यांनी किल्ली दिली. ती माया नव्हती हे मला चार महिन्यांनी कळलं. त्या दिवशी आत जाऊन त्यांनी आक्कांना, म्हणजे आपल्या बायकोला, सांगितलं होतं, “भाडेकरू बरा हाय. पन पाच बोटं हाय.”

सोलापुरात कुणालाही ‘मालक’ म्हणतात. रिक्षावाला गिऱ्हाईकाला मालक म्हणतो आणि गिऱ्हाईक रिक्षावाल्याला. आमचे मालक खरोखरीचेच मालक, त्यामुळे त्यांना वेगळं काही म्हणायची सोय नव्हती. ते मला ‘मोजणीवाले’ म्हणायचे. मी जमिनी मोजणारा माणूस. एका खाजगी कंपनीत नोकरी, तिपाई आणि यंत्र घेऊन शेताच्या बांधावरून हिंडायचं, हा माझा धंदा. माझं नाव त्यांना शेवटपर्यंत पाठ झालं असेल असं मला वाटत नाही.

त्यांचं मूळ गाव वळसंगच्या पुढं. घराण्याचा मेंढरांचा व्यवसाय. थोरला भाऊ आणि हे, दोघांनी मिळून उभा जन्म शेळ्या-मेंढ्यांची खरेदी-विक्री केली. पार अक्कलकोटच्या पलीकडचे बाजार केले, त्यामुळे कन्नडही मराठीइतकंच तोंडात. जनावरांच्या बाजारात भाव टॉवेलाखाली ठरतो हे पुष्कळांना माहीत असतं. दोघं हातात हात घेतात, वरून टॉवेल टाकतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागत नाही. या दोघा भावांनी त्यात आपली एक भर घातली होती. थोरला जनावर चाचपायचा आणि भाव सुरू व्हायच्या आधी धाकट्याला टॉवेलाखाली जनावराचं अंग सांगायचा. पाच बोटं म्हणजे नुसती चरबी. चार म्हणजे मांसापेक्षा चरबी जास्त. तीन म्हणजे अंगानं भरलेलं, बाजाराचं जनावर, डोळे मिटून घ्या. दोन म्हणजे रोड, पण राखण्याजोगं, चारा घातला तर भरेल. आणि एक म्हणजे हाडं. एक बोट आलं की दोघं भाऊ न बोलता पुढच्या दावणीकडं चालू लागायचे. “एक बोटाला चारा घालत न्हाईत,” हे थोरल्याचं वाक्य मालक आम्हाला श्लोकासारखं ऐकवायचे.

थोरले दवाखान्यात वारले. पोटात दुखतंय म्हणून नेलं, ते परत आलेच नाहीत. त्यानंतर मालकांनी बाजार सोडला, पण हाताची सवय सुटली नाही. दूध घालायला आलेला गवळी, मीटर बघायला आलेला वायरमन, माझे सासरे, कुणीही येवो, मालक उठून त्याच्या पाठीवर हात ठेवायचे. माणूस सुखावायचा. तो गेला की मालक आत बघून म्हणायचे, “अडीच.” माझे सासरे तर गावाकडं जाऊन सांगत सुटले की जावयाला देवमाणसाचं घर मिळालंय. त्यांना साडेचार मिळाले होते.

मालकांचं आणखी एक वाक्य होतं: “पोट खोटं बोलतंय. पाठ न्हाय बोलत.” बाजारच्या दिवशी पहाटे इकणारा, म्हणजे विकणारा, जनावराला मीठ चारतो. मग ते घटाघटा पाणी पितं आणि त्याचं पोट घागरीसारखं दिसतं. काट्यावर घाला, वजनही भरतं. नवखा माणूस पोट बघून पैसे मोजतो आणि घरी नेईपर्यंत ते सगळं मुतून जातं. “म्हनून इकणाऱ्याचा हात येगळा आन् घेणाऱ्याचा हात येगळा,” मालक सांगायचे. “इकणाऱ्याचा हात वरनं फिरतोय. घेणाऱ्याचा दाबतोय.”

आता माझ्या पाच बोटांविषयी.

माझे वडील त्रेचाळिसाव्या वर्षी हृदयविकारानं गेले. मी एक्केचाळीसचा होतो. सात रस्त्याजवळच्या डॉक्टरांनी रक्ताचा कागद माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाले, “साखर उंबऱ्यावर उभी आहे. नुसतं वजन उतरवू नका, चरबी उतरवा. सहा महिने देतो.” माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता, म्हणजे वडील गेले तेव्हा मी जेवढा होतो तेवढाच. बायकोनं हा हिशेब घरी पोचायच्या आधीच केला होता. मी घाबरलो होतो.

घाबरलेला मोजणीवाला काय करणार? यंत्र आणलं. काचेचा, चकचकीत, अनवाणी पायांनी उभं राहायचा काटा. पायातून बारीक वीज सोडून तो अंगातली चरबी किती, स्नायू किती, पाणी किती, हाडं किती, सगळं मोबाईलवर दाखवायचा. मी एक वही केली. रोज सकाळी उठलो की काट्यावर, मग वहीत. खाली अंगणात मालक शेळ्यांना पाला घालत असायचे. ते वर बघून कन्नडमध्ये ओरडायचे, “एष्टु?” म्हणजे किती. मी गॅलरीतून आकडा सांगायचो. ते मान हलवायचे, पण ती पटल्याची मान नसायची.

एका रविवारी मी त्यांनाच काट्यावर उभं केलं. अठ्ठावन्न किलो. बाकीच्या रकान्यांत मात्र नुसत्या रेघा. जन्मभर अनवाणी हिंडून त्यांच्या टाचा अशा भेगाळून राठ झाल्या होत्या की वीज आत शिरायलाच तयार नव्हती. मी ओल्या फडक्यानं पाय पुसले, तेल लावलं, पुन्हा उभं केलं. रेघाच.

“काय म्हनतंय?” त्यांनी विचारलं.

“वजन दाखवतंय. चरबी कळत नाही म्हणतंय.”

“इचारायचं की मला,” मालक उतरत म्हणाले. “तीन.”

त्यांना गंमत वाटली असावी. मग दर रविवारी नाष्ट्याआधी ते वर यायचे, काट्यावर उभे राहायचे आणि माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर त्यांचं वजन लिहायला लावायचे. त्या पानावर सगळे अठ्ठावन्न आहेत. कधी दोनशे ग्रॅम इकडं, कधी तिकडं.

आक्कांविषयी सांगायला हवं. बुटक्या, सावळ्या, बोलणं बेताचं. नवऱ्याच्या या हातचलाखीकडं त्यांचं लक्ष आहे असं कधी दिसलं नाही. परसातल्या तीन शेळ्या त्यांच्या. त्या शेळ्यांची आजी करडू असताना कधीकाळी एका कळपाबरोबर फुकट आलेली होती. इतकी मरतुकडी, की थोरल्यांनी तिला पुरतं एक बोटही दिलं नव्हतं, “वाटंत टाकून दे” म्हणाले होते. मालकांनी ती टाकायला म्हणून पिशवीत घातली, विसरले आणि पिशवी घरी आली. आक्कांनी चुलीशेजारी गोणपाटावर ठेवून तिला बोटानं दूध चाटवलं. ती जगली, व्याली, नातवंडांची आजी झाली. आक्कांनी ही गोष्ट सांगितलेली नाही. मालक सांगायचे, तेही आपली चूक म्हणून. “माल घेताना लक्ष पायजे, न्हायतर असलं घरात येतंय,” असं म्हणून त्याच शेळीच्या नातीचं दूध चहात ओतायचे.

तर, मी उपास सुरू केला. सकाळी काकडीचा रस, दुपारी काकडी, रात्री काकडीचा कंटाळा आला म्हणून टोमॅटो. भाकरी बंद, डाळ बंद, अंडं बंद. दोन महिन्यांत आठ किलो उतरलो. ऑफिसात लोक थांबवून विचारायला लागले. पँट कमरेला राहीना, मी पट्ट्याला खिळ्यानं नवी भोकं पाडली आणि प्रत्येक भोक बायकोला दाखवलं. जिना चढताना धाप लागायची, पण मला वाटायचं, चरबी जाताना असंच होत असेल. एका रविवारी मी ऐटीत खाली गेलो, कट्ट्यावर मालकांशेजारी पाठ करून बसलो आणि म्हणालो, “बघा.”

कट्ट्यावर शेजारचे दोघं-तिघं बसले होते. मालकांनी हात ठेवला. मग खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या हातावर टाकला, म्हणजे माणसाचा पंचनामा चारचौघांत होऊ नये, एवढी त्यांची सभ्यता. टॉवेलाखाली त्यांनी माझी बोटं दाबली. चार.

“आठ किलो गेलेत, मालक!”

“गेलं असतील की. पन काय गेलं?” ते हळू आवाजात म्हणाले. “मोजणीवाले, तुमी पीक काडलं आन् तण ठिवलं.”

मी रागानं वर आलो. त्या दिवशी पहिल्यांदा मी मोबाईलवरचे खालचे रकाने उघडून बघितले. इतके दिवस मी फक्त वरचा मोठा आकडा वहीत लिहीत होतो. स्नायूंची रेघ जिन्यासारखी उतरत आली होती आणि चरबीची जेमतेम वाकली होती. आठ किलोंतलं निम्म्याहून जास्त मांस आणि पाणी होतं. एवढं महागाचं यंत्र मला दोन महिने हेच सांगत होतं आणि मी ते वाचलं नव्हतं. म्हाताऱ्यानं बोटांनी वाचलं. मी वही मिटली आणि बायकोला म्हणालो, भाकरी कर.

“कितीची करू?” तिनं विचारलं. तिच्या आवाजात विजय होता.

त्यानंतरचे महिने मालकांच्या हुकमाखाली गेले. दोन वेळा भाकरी, तीही मोजून, सांजच्याला निम्मी. हुलग्याचं माडगं, मटकी, अंडी, शेंगाचटणी चिमूटभर. आणि काम. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी यायचं, तेही कमी दाबानं. हौदातून गच्चीवरच्या टाकीत चढवायला मोटार होती. मालकांनी ती मोटार माझ्यापुरती बंद केली. दोन हातांत दोन बादल्या, एकवीस पायऱ्या. पाण्याच्या दिवशी चाळीस फेऱ्या. पहिल्या दिवशी मी सहाव्या फेरीला पायरीवर बसलो तेव्हा मालक खालून म्हणाले, “बसा की. टाकी कुटं पळतीय.” मला वाटतं माझ्या आयुष्यात इतक्या शांतपणे मला कुणी छळलेलं नाही.

संध्याकाळी शिकवणी. शेळीशेजारी उभं राहायचं, डोळे मिटायचे, तळवा कमरेच्या वर ठेवायचा, अंगठा कण्याच्या एका बाजूला, बोटं दुसऱ्या. “डोळं झाका. डोळं लई लबाड असतंय,” मालक म्हणायचे. मांस असेल तर कणा खोल लागतो आणि दोन्ही बाजूंनी गादी घट्ट लागते. चरबी असेल तर गादी लागते पण बोट रुततं. रोड असेल तर मणके वर येतात. आधी मला काहीच कळायचं नाही. मग हळूहळू कळायला लागलं आणि मग हात ऐकेना. बसमध्ये पुढं उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीकडं माझं लक्ष जायला लागलं. बायकोनं स्वच्छ बजावलं, “माझ्या पाठीला हात लावून बोटं मोजलीत तर खालीच जाऊन जेवायचं.” मी मोजली नाहीत. म्हणजे मोठ्यानं मोजली नाहीत.

सहा महिने संपले तेव्हा डॉक्टरांनी नवा कागद बघून चष्मा काढला. साखर उंबऱ्यावरून मागं सरली होती. आठ किलो उतरल्यावर जेवढं होतं त्यापेक्षा वजन उलट दोन किलो वर आलं होतं. त्या रविवारी टॉवेलाखाली तीन बोटं आली. मी लहान मुलासारखा हसलो. मालक म्हणाले, “आता बाजारात उभं रावा, कोन बी घील.”

त्याच दिवसांत ते फेब्रुवारीत स्वेटर घालायला लागले होते.

सोलापूरचा फेब्रुवारी ज्याला माहीत आहे त्याला यात हसायला काय आहे हे सांगायला नको. दुपारी रस्त्याचं डांबर मऊ पडतं. आम्ही सगळे त्यांना हसलो. पटका, बंडी, वर स्वेटर, संध्याकाळी त्यावर घोंगडी. दाढीही वाढवली. “म्हातारपन हाय, थंडी वाजतीया,” ते म्हणायचे. रविवारी काट्यावर उभे राहायचे, मी वाकून आकडा वाचायचो. अठ्ठावन्न. मी यंत्राचा माणूस. आकडा ठीक तर माणूस ठीक.

एका पाण्याच्या दिवशी ते माझ्यापुढून जिना चढत होते. वरच्या वळणावर त्यांचा तोल गेला. माझ्या हातातली बादली गडगडत खाली गेली आणि मी त्यांना पाठीमागून धरलं. नेमका तिथंच हात गेला, कमरेच्या वर. अंगठा एका बाजूला, बोटं दुसऱ्या. मी काही चाचपलं नाही, शपथेवर सांगतो, पण हातानं आपलं काम केलं. स्वेटरातून, बंडीतून मणके एकेक लागत होते. दोन्ही बाजूंना काहीच नव्हतं.

आम्ही दोघं पायरीवर बसलो. खाली पाणी वाहत होतं.

“कळलं?” मालकांनी विचारलं.

“कळलं.”

“किती?”

“अडीच असेल,” मी म्हणालो.

“इकणाऱ्यागत बोलू नगा. मी शिकिवलंय तुमाला.”

मी त्यांचा हात हातात घेतला. टॉवेल त्यांनीच टाकला, जिन्यात दुसरं कुणी नसताना. मी एक बोट दाबलं. त्यांनी मान हलवली, यावेळी पटल्याची.

मग त्यांनी सगळं सांगितलं. तीन महिने संध्याकाळी अंगात ताप येत होता. भूक मेली होती. ताटातली भाकरी खिशात घालून शेळ्यांना चारत होते. आणि रविवारी पहाटे उठून खडेमीठ चघळत होते, वर तीन तांबे पाणी पीत होते. बंडीच्या आत कमरेला मेंढरांच्या गळ्यातल्या जुन्या लोखंडी घंटा चिंधीत गुंडाळून बांधत होते, वाजू नयेत म्हणून. दर आठवड्याला एक वाढवावी लागत होती. जन्मभर ज्यांना लबाड म्हटलं त्या विकणाऱ्यांचं सगळं कसब त्यांनी माझ्या काचेच्या काट्यावर वापरलं होतं, आणि मी ते नीट अक्षरात वहीत लिहून घेतलं होतं.

“कशासाठी, मालक?”

“आमच्या हिनं तुमची वही बगितली की गप ऱ्हाती. वजन हाय म्हनती.” त्यांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. “बाजारात नेलेलं जनावर परत दावणीला येत न्हाय, मोजणीवाले. थोरला गेला तसा. तिला सांगू नगा.”

मी सांगणार नाही म्हणालो. रात्रभर तळमळलो आणि सकाळी चहाच्या आधी खाली जाऊन आक्कांना सांगितलं. दिलेला शब्द मोडला याचं मला आजही वाईट वाटत नाही. आक्कांनी ऐकून घेतलं, शेळ्यांपुढं पाला टाकला, हात धुतले, चपला घातल्या आणि म्हणाल्या, “रिक्षा बोलवा.” मालक दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी दुसरीकडं बघितलं.

दवाखान्यात ठेवून घेतलं, चार दिवस तपासण्या झाल्या. पोटाचा टीबी निघाला. डॉक्टर तरुण होती, समजावून सांगणारी. “घाबरायचं कारण नाही,” ती म्हणाली. “बरा होणारा आजार आहे. बरेच महिने गोळ्या घ्याव्या लागतील. पण आजोबांनी खाल्लं पाहिजे. अंगात काही राहिलेलं नाही. पोटात अन्न नसेल तर नुसत्या गोळ्यांनी मी काही करू शकणार नाही.”

आणि मालक खाईनात. आक्का घरून भाकरी करून आणायच्या, दुधात कुस्करायच्या, ते तोंड फिरवायचे. गोळ्या जिभेखाली धरून नंतर थुंकायचे. न भांडता, न ओरडता. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडायचे. तिसऱ्या दिवशी आक्का पाणी आणायला गेल्या तेव्हा मी खाटेशेजारी बसलो आणि हात जोडले. म्हणालो, माझ्यासाठी खा.

“एक बोटाला चारा घालत न्हाईत,” ते भिंतीकडं बघून म्हणाले. “तुमीच दिलं की.”

मला तिथंच रडू आलं. मी खरं बोललो होतो. घेणाऱ्याच्या हातानं, त्यांनीच शिकवलेल्या हातानं बोललो होतो, आणि त्या खरेपणानं म्हातारा उपाशी मरायला निघाला होता. मी डोळे पुसले, त्यांच्या उशाचा टॉवेल ओढून आमच्या हातांवर घातला आणि तीन बोटं दाबली. चांगली घट्ट दाबली.

मालक हसले. दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदा हसले. माझा हात त्यांनी हळूच बाजूला सारला.

“बगा,” ते म्हणाले, “शेवटी तुमचा बी इकणाऱ्याचाच हात झाला.”

आक्का कधी मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या मला कळलं नाही. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि मला म्हणाल्या, “सरका तिकडं.” मी उठलो. त्या खाटेवर बसल्या. नवऱ्याला खांद्याला धरून कुशीवर वळवलं, सदरा वर केला आणि कमरेच्या वर तळवा ठेवला. अंगठा एका बाजूला, बोटं दुसऱ्या. मी बघतच राहिलो. मालकही. बराच वेळ त्यांनी हात तसाच ठेवला. मग सदरा खाली ओढला, त्यांचा हात हातात घेतला आणि वर टॉवेल टाकला.

वॉर्डातले लोक बघत होते. आक्कांच्या दंडाची शीर हलली तेवढी मला दिसली.

“दोन?” मालक म्हणाले. “दोन कसं म्हनतीस? एक हाय ते.”

“दोन हाय.”

“तुला काय कळतंय त्यातलं?”

“लगीन झाल्यापास्नं बगतीया,” आक्का म्हणाल्या. “तुमी दोगं भाऊ टॉवेलाखाली काय करताय ते न कळायला मी आंदळी हाय व्हय? इकणाऱ्याचा हात, घेणाऱ्याचा हात, ह्येच आयकलं जलमभर. तुमी बाजारची मानसं. घरात आल्यावर जनावर राखलं कुनी? ती पिशवीतली शेळी राखली कुनी? राखणाऱ्याचा बी हात असतोय. त्यो दोन म्हनतोय.”

एवढं लांब बोलताना मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. आक्कांनी टॉवेल झटकून त्यांच्या गळ्याशी खोचला, लहान मुलाला खोचतात तसा, आणि डबा उघडला. भाकरीचा घास दुधात बुडवून तोंडापुढं धरला.

“मीठ घातलंस का?” त्यांनी विचारलं.

“घातलंय. पन पानी कमी प्यायचं.”

त्यांनी तोंड उघडलं. मी खिडकीपाशी जाऊन बाहेरच्या लिंबाच्या झाडाकडं बघत उभा राहिलो, कारण तिथं उभं राहणं भाग होतं.

पुढं आमची बदली झाली. ते घर सोडून आता तीन वर्षं झाली. काटा माझ्याबरोबर आहे, वहीही आहे, खालचे रकाने आता मी आधी वाचतो. त्रेचाळिसावा वाढदिवस आला आणि गेला, त्या दिवशी बायकोनं मुलासमोर मला अकारण दोनदा हाक मारली. कामानिमित्त सोलापूरला गेलो की सात रस्त्याला उतरून आधी मालकांकडं जातो.

परवा गेलो तर ते कट्ट्यावर बसले होते. दाढी काढलेली, स्वेटर नाही, गाल भरलेले. परसात शेळ्या चार झालेल्या. मला बसवून त्यांनी नेहमीसारखी पाठ बघितली, टॉवेलाखाली सव्वातीन दिले आणि जेवणावरून खरडपट्टी काढली. मग स्वतःची पाठ माझ्याकडं केली.

“आता माझी बगा. खरं सांगायचं.”

मी डोळे मिटले. कणा खोल होता. दोन्ही बाजूंना गादी घट्ट होती, बोट रुतत नव्हतं. घेणाऱ्याच्या हातानं सांगतो, कुठलाही बाजार डोळे मिटून घेईल अशी पाठ. मी टॉवेल टाकला आणि तीन बोटं दाबायला घेतली.

आक्का परसातून आमच्याकडंच बघत होत्या. हातातला पाला खाली न ठेवता तिथूनच म्हणाल्या, “दोनच धरा, मोजणीवाले. तीन झालं की बाजारात काडावं लागतंय.”

मी तिसरं बोट उचललं.